रडल्याने कॅन्सर परत येत नाही

‘मन घट्ट ठेव, खचलास तर गाठ पुन्हा येईल.’ कॅन्सरचं मोठं ऑपरेशन होऊन घरी आलेल्याला भेटायला येणारे हे हमखास सांगतात. ते खरं नाही. अमेरिकेत डोके-मानेच्या कॅन्सरच्या १,०९३ रुग्णांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. मनःस्थितीचा जगण्याच्या कालावधीशी संबंध आढळला नाही. आधीच सोसणाऱ्याच्या माथी हा दोष मारणं फार क्रूर आहे. रडू द्या त्याला. उदासी आठवडेच्या आठवडे हटेना, तर मात्र डॉक्टरांना सांगा. तिच्यावर उपचार आहेत. आणि दुखणं अंगावर काढू नका. वेदनाशामक गोळी वेळेवर घ्या, कारण दुखत असलं की माणूस खोल श्वास घेत नाही, नीट खोकत नाही, आणि छातीत कफ साठतो.