वेळेवरचा गहू आणि उशिराचा गहू

नोव्हेंबर सरत आला की दरवर्षी तोच सल्ला कानावर येतो: 'पेरणी लांबली? काही बिघडत नाही, उशिराचं बी घ्या.' बिघडतं. चांगलंच बिघडतं.

वेळेवरची बागायती पेरणी सगळ्यांना पाठ आहे. नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा, हेक्टरी १०० किलो बी, वाण त्र्यंबक किंवा तपोवन. बन्सी, म्हणजे रवा-शेवयांचा कडक गहू, हवा तर गोदावरी. पुढे चला.

घोळ होतो तो इथे. उशिराचा वाण कमी दिवसांत तयार होतो, बस्स. सरलेली थंडी तो परत आणत नाही. गहू फुटवे धरतो थंडीत आणि दाणा सावकाश भरतो तोही थंडीतच. महाराष्ट्रातला हिवाळा मुळातच आखूड. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात ऊन चटकायला लागतं, आणि डिसेंबरात पेरलेल्या गव्हाचा दाणा नेमका तेव्हा दुधात असतो. पीक घाईने पिकतं. अशी ओंबी तळहातावर चोळून फुंकर मारा, कोंड्याबरोबर हलके दाणेही उडतात. उरतात तेही सुरकुतलेले.

१५ नोव्हेंबरनंतर दर पंधरवड्याला हेक्टरी अडीच क्विंटलची घट धरा, असं शिफारशींत वर्षानुवर्षं छापून येतंय. उशिराचा वाण ही घट थोडी सावरतो, भरून काढत नाही. १५ डिसेंबर उलटल्यावर तर गव्हाचा नादच सोडावा.

उलटी चूक मला जास्त खटकते. नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात रान वाफशावर, म्हणजे पेरणीजोग्या ओलीवर, आलेलं, पाणी मुबलक, तरी पेरायचं उशिराचंच बी. का, तर 'लवकर निघतं'! अहो, थंडी शिल्लक असतानाच ओंब्या पिवळ्या पडल्या तर ती थंडी कोणाच्या कामाची? दोन्ही वेळांना चालणारा वाण हवाच असेल तर निफाडच्या संशोधन केंद्राचा फुले समाधान आहे. पण तोही लवकर पेरलेलाच बरा.

पेरणी लांबलीच तर नुसती पिशवी बदलून भागत नाही. फुटवे कमी येणार, म्हणून बी हेक्टरी १२५ किलो आणि दोन ओळींत अंतर १८ सेंटिमीटर. पहिलं पाणी तेच, एकविसाव्या दिवसाच्या आसपास, मुकुटमुळं, म्हणजे बुंध्याशी येणारी मुळं, फुटताना. आणि भरपाई म्हणून युरियाचं जादा पोतं ओतणाऱ्यांनो, उशिराच्या गव्हाला नत्राची शिफारस वेळेवरच्यापेक्षा कमी आहे.