क्लॉनमॅकनॉइझचे नन्सचे चर्च : ‘पूर्ण केले’ या शब्दांची पार्श्वभूमी

आयर्लंडमध्ये शॅनन नदीकाठी असलेल्या क्लॉनमॅकनॉइझ मठाच्या मुख्य आवारापासून पूर्वेला सुमारे अर्ध्या किलोमीटरवर, जुन्या यात्रामार्गालगत, छप्पर नसलेले एक लहानसे चर्च आहे. पश्चिमेचे दार आणि वेदीच्या दालनाची कमान हेच त्यातले खरे पाहण्यासारखे.

आयर्लंडच्या जुन्या वर्षवार बखरींमधील ११६७ सालच्या नोंदीत ब्रेफ्ने या आयरिश राज्याच्या राणीने हे चर्च ‘पूर्ण केले’ असे म्हटले आहे. त्याआधी १५ वर्षे, शेजारच्या लेन्स्टर राज्याच्या राजाने जिला पळवून नेले होते ती हीच राणी. त्यामुळे पुढच्या लेखनात ‘पूर्ण केले’चे सर्रास ‘बांधले’ झाले आणि चर्चला तिच्या प्रायश्चित्ताची कथा चिकटली. हा फेरफार किरकोळ मानता येत नाही. १०२६ च्या नोंदीत मठप्रमुख ननच्या बागेपासून घातलेली फरसबंद वाट आहे, तर १०८२ च्या नोंदीत नन्सची दफनभूमी आणि तिथले दगडी चर्च जळाल्याचा उल्लेख आहे. म्हणजे राणीचा हात लागण्याआधी निदान १४० वर्षे इथे नन्स राहत होत्या, आणि ‘बांधले’ या एका शब्दाने त्या सगळ्या जणी पुसल्या जातात. प्रायश्चित्ताबद्दल बोलायचे, तर ११५७ मध्ये मेलिफाँट या आयरिश मठाच्या चर्चलाही राणीने ६० औंस सोने दिले होते आणि त्याच समारंभात राजांनीही दाने दिली होती. दान हा राजघराण्याचा रिवाजच होता.

बाराव्या शतकात या नन्सनी फ्रान्समधील आरूएझच्या मठाची शिस्त स्वीकारली आणि त्यांचे घर आयर्लंडच्या मीथ भागातील क्लोनार्ड इथल्या नन्सच्या मठाच्या अखत्यारीत गेले. १५५२ मध्ये इंग्रज शिबंदीने क्लॉनमॅकनॉइझ लुटले.

आज दिसणारे रूप मात्र १८६५ चे आहे. किल्केनीच्या एका पुरातत्त्वप्रेमी मंडळाने ढासळलेले दगड गोळा करून दार आणि कमान पुन्हा उभी केली. ते काम झाले नसते तर आज इथे दगडांचा ढीगच उरला असता, असे माझे मत आहे. दाराच्या कमानीत ओळीने कोरलेली श्वापदांची डोकी गोल पट्टी दातांत धरून आहेत. आतल्या कमानीवर करवतदाती नक्षीच्या एका चौकटीत, पाय वर घेतलेली, बोटभर उंचीची वाटावी अशी एक आकृती आहे. मान वर करून नीट शोधल्याशिवाय ती सापडत नाही.