देहाधारित आघातोपचार

अपघात, अत्याचार, आपत्ती किंवा दीर्घकाळ सोसलेली दहशत यांमुळे झालेला मानसिक आघात केवळ बोलून नव्हे, तर श्वास, स्नायूंचा ताण, हालचाल आणि अंगातील संवेदना यांच्या आधाराने हलका करणाऱ्या उपचारपद्धतींचा समूह. धसका बसणे, पोटात गोळा येणे, हातपाय गळणे या मराठी वाक्प्रचारांनी भीतीचा ठावठिकाणा शरीरातच सांगितला आहे. या उपचारांचे गृहीतक त्याहून फार दूरचे नाही.

संकटसमयी स्वायत्त मज्जासंस्था (श्वास, हृदयाचे ठोके अशा आपोआप चालणाऱ्या क्रियांवर नियंत्रण ठेवणारी) शरीराला लढण्यास, पळण्यास किंवा थिजण्यास भाग पाडते. संकट टळल्यावरही ही सज्जता उतरली नाही, तर झोप उडते, जबडा आवळलेला राहतो, साध्या आवाजानेही माणूस दचकतो. दडपलेल्या भावना स्नायूंचे चिलखत बनतात, असे मनोविश्लेषक विल्हेल्म राइश (१८९७–१९५७) यांनी मांडले होते. त्यांच्या विचारातून निघालेल्या काही पद्धतींचा भर ओरडून, रडून, हातपाय आपटून भावनांना वाट करून देण्यावर राहिला. पुण्यात १९७४ नंतर कोरेगाव पार्कमधील रजनीश आश्रमातील गटांमधून हा प्रकार अनेकांनी जवळून पाहिला. अमेरिकी मानसोपचारक पीटर लेव्हिन यांची ‘सोमॅटिक एक्स्पीरिअन्सिंग’ (देहानुभव) ही पद्धत मात्र सावकाशीची आहे. तीत प्रसंग सुरुवातीपासून वदवून घेतला जात नाही. खुर्चीत बसलेल्या व्यक्तीला आधी तळपाय जमिनीला कुठे टेकले आहेत हे जाणवू दिले जाते. मग छातीतील आवळलेपणाकडे क्षणभर लक्ष नेऊन ते पुन्हा ऊबदार तळहातांकडे वळवले जाते, आणि ही ये-जा पेलवेल तेवढीच केली जाते. ज्याच्या शरीरावरच अत्याचार झाला आहे, त्याच्या बाबतीत संमतीवाचून केलेला स्पर्श हाच नवा आघात ठरू शकतो.

सामूहिक आघाताचे पुण्यातील ठळक उदाहरण म्हणजे १२ जुलै १९६१ चा पूर. पानशेत व पाठोपाठ खडकवासला धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. घर, भांडीकुंडी, धान्य यांच्या नुकसानीची मोजदाद करता येत होती. धसक्याची मोजदाद करायला तेव्हा निदानाची चौकटही नव्हती. ‘आघातोत्तर तणाव विकार’ हे निदान अमेरिकी मनोविकार-वर्गीकरणात आले ते १९८० साली. अशा प्रसंगी गटाने एका लयीत चालणे, श्वास घेणे, ताल धरणे यांचा उपयोग केला जातो, कारण आपल्यासारखेच घाबरलेले दुसरे शरीर शेजारी सावरताना दिसणे हाही आधार असतो. तेवढ्यावरून दिंडीतील पावलीला किंवा फुगडीला उपचार म्हणणे मात्र अतिशयोक्ती होईल.

पुराव्यांची बाजू अद्याप असमान आहे. जुनाट आघातोत्तर तणाव असलेल्या ६४ स्त्रियांवरील, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत योगगटातील सुमारे निम्म्या स्त्रिया निदानाच्या निकषांबाहेर आल्या. तुलनागटात हे प्रमाण सुमारे एक-पंचमांश होते. अयंगार योगाच्या पुण्यात हा निष्कर्ष सुखावणारा असला, तरी चाचणी लहान होती आणि योग तेथे पूरक उपचार म्हणून दिला होता. आघातकेंद्रित बोधात्मक वर्तनोपचारामागील (आघाताशी जोडलेले विचार व वागणूक बदलण्यावर भर देणाऱ्या उपचारामागील) संशोधन कितीतरी अधिक आहे. या क्षेत्रात वारंवार उद्धृत होणारा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्टीफन पोर्जेस यांचा ‘पॉलीव्हेगल’ सिद्धान्तही (सुरक्षितता व भीती यांना शरीर देत असलेला प्रतिसाद व्हेगस या मज्जातंतूच्या आधारे उलगडणारा) शरीरक्रियाशास्त्रात वादग्रस्त आहे. ‘सोमॅटिक थेरपिस्ट’ या नावासाठी भारतात स्वतंत्र वैधानिक नोंदणी नाही. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद होते ती चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांची.