कालखंड म्हणजे दोन बिंदू, पण 'किंवा' कुठे बसतो?

कृत्रिम बुद्धिमत्तेतील कालविषयक तर्कावर लिहिणारे अनेकजण बजावून सांगतात की प्रत्येक कालखंडाला आरंभ आणि अंत हे दोनच बिंदू असतात, म्हणून कालखंडांमधले संबंध मांडणारे कालखंड-बीजगणित आणि क्षणांमधले संबंध मांडणारे बिंदू-बीजगणित ही एकच गोष्ट होय. यातले कारण खरे आहे, निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे.

बिंदू-बीजगणित बहुतेकांना ठाऊक असते: दोन क्षणांमध्ये आधी, एकाच वेळी आणि नंतर हे 3 मूळ संबंध, त्यांचे 8 संच (प्रत्येक संच म्हणजे 'किंवा'ने जोडलेले पर्याय), आणि दिलेली विधाने परस्परांशी सुसंगत आहेत की नाहीत याचा बहुपदी वेळात, म्हणजे विधाने वाढली तरी आटोक्यात राहणाऱ्या वेळात, लागणारा निकाल. संगणकशास्त्रज्ञ जेम्स ॲलन यांनी 1983 मध्ये मांडलेल्या कालखंड-बीजगणितात 13 मूळ संबंध आणि त्यांचे 8192 संच आहेत, आणि तिथे हाच प्रश्न एनपी-पूर्ण ठरतो, म्हणजे तो नेहमी झटपट सोडवणारी पद्धत कोणालाही ठाऊक नाही. ही काठिण्यपातळी 8192 या आकड्यामुळे येते, असे स्पष्टीकरण सर्रास दिले जाते. ते मला मुळीच मान्य नाही.

'किंवा' कोणत्या बिंदूंमध्ये बसतो, हे पाहायला हवे. 'पहिले काम दुसरे सुरू होण्याआधी संपते किंवा दुसरे सुरू होते त्याच क्षणी संपते' या विधानात पर्याय दोन असले, तरी पहिल्याचा अंत दुसऱ्याच्या आरंभानंतर नाही, एवढ्या एकाच तुलनेत ते मावते. आता एकाच यंत्रावर करायची दोन कामे घ्या: पहिले दुसऱ्याच्या आधी किंवा नंतर. इथे एका पर्यायात पहिल्याचा अंत दुसऱ्याच्या आरंभाशी ताडायचा असतो, तर दुसऱ्या पर्यायात दुसऱ्याचा अंत पहिल्याच्या आरंभाशी; म्हणजे 'किंवा' बिंदूंच्या दोन वेगळ्या जोड्यांमध्ये विभागला जातो, आणि असे विधान बिंदू-बीजगणितात उतरवताच येत नाही. 13 मूळ संबंधांत या एकाच संबंधाची भर घातली, तरी प्रश्न एनपी-पूर्ण होतो.

उलट, नेबेल आणि ब्युर्कर्ट या संशोधकांनी 1995 मध्ये दाखवलेल्या ऑर्ड-हॉर्न या वर्गात सर्व मूळ संबंधांसह त्या 8192 पैकी तब्बल 868 संच आहेत, आणि त्यांची सुसंगती बहुपदी वेळातच तपासता येते.

ॲलन यांची पद्धत तीन-तीन कालखंड घेऊन अशक्य पर्याय गाळते आणि भराभर चालते, यावरून पूर्ण बीजगणितही सोपे आहे असे समजणे ही याच गोंधळाची दुसरी बाजू आहे. ऑर्ड-हॉर्न वर्गात ती पद्धत विसंगती हमखास पकडते. त्याबाहेर मात्र पर्यायांचा एकही संच रिकामा न होता ती थांबू शकते, आणि तरीही विधाने एकत्र खरी असणे अशक्य असू शकते.