तरंगफलनाचा कालिक क्षय

पुंजयामिकीतील (क्वांटम यांत्रिकीतील) तरंग समीकरणांच्या (श्रोडिंगर, क्लाइन–गॉर्डन, डिरॅक) उकली, म्हणजेच कणाची अवस्था सांगणारी तरंगफलने, दीर्घ काळानंतर अवकाशाच्या ठरावीक भागात किती वेगाने क्षीण होतात, याचा अभ्यास. ‘क्षय’ हा शब्द येथे जपून वापरावा लागतो. श्रोडिंगर समीकरणानुसार कण सापडण्याची एकूण संभाव्यता सदैव १ राहते. कण नाहीसा होत नाही, तो पसरतो. क्षीण होतो तो तरंगफलनाचा स्थानिक आयाम (त्या जागेपुरते तरंगाचे मोठेपण). किरणोत्सर्गी क्षयाशी या कल्पनेचे नाते आहे, पण दोन्ही एक नव्हेत.

तरंगपुंजका पसरतो हे प्रथम कोणी दाखवले, याचे श्रेय वेगवेगळ्या प्रकारे दिले जाते. कण म्हणजे तरंगांचा घट्ट पुंजका असावा, ही श्रोडिंगर यांची मूळ धारणा. असा पुंजका टिकणार नाही, हा आक्षेप भौतिकशास्त्रज्ञ लोरेन्ट्स यांनी मे १९२६ मधील पत्रात घेतला होता. श्रोडिंगर यांनी न पसरणाऱ्या पुंजक्याचे उदाहरण दिले ते हरात्मक आंदोलकाचे (स्प्रिंगला बांधल्यासारख्या मागेपुढे हलणाऱ्या कणाचे). मात्र त्याच्या ऊर्जापातळ्या समान अंतरावर असतात म्हणूनच ते जमते. मुक्त कणाला ते लागू नाही. पसरण्याचे स्पष्ट गणित केनार्ड व सी. जी. डार्विन यांच्या १९२७ मधील लेखांत आढळते. तेव्हा आक्षेपाचे श्रेय लोरेन्ट्स यांना आणि गणिताचे या दोघांना देणे अधिक न्याय्य वाटते. पसरण्याचा वेग थक्क करणारा आहे : सुमारे १०⁻¹⁰ मीटर रुंदीत कोंडलेला इलेक्ट्रॉन मोकळा सोडला, तर त्याचा पुंजका साधारण १.७ × १०⁻¹⁶ सेकंदांतच लक्षणीय रुंदावतो.

मुक्त कणाच्या बाबतीत, आरंभीचे तरंगफलन पुरेशा आटोपशीर जागेत सामावलेले असेल, तर त्रिमितीय अवकाशात आयाम काळाच्या ३/२ घाताच्या व्यस्त प्रमाणात घटतो; एका मितीत हा घात १/२. कारण सोपे आहे. निरनिराळ्या संवेगांचे घटक निरनिराळ्या वेगांनी धावतात, त्यामुळे पुंजक्याने व्यापलेले घनफळ काळाच्या घनाप्रमाणे वाढते, आणि संभाव्यता आयामाच्या वर्गाने मोजली जाते. वस्तुमान असलेल्या क्लाइन–गॉर्डन व डिरॅक समीकरणांतही घात ३/२ च येतो. वस्तुमानरहित तरंगांचे सर्व घटक एकाच वेगाने जातात, म्हणून ते गोलाच्या पातळ कवचात राहतात व आयाम काळाच्या केवळ पहिल्या घाताने घटतो. स्ट्रिखार्ट्झ (१९७७) यांनी असे अंदाज अवकाश व काळ या दोन्हींवरील सरासरीच्या भाषेत मांडले. कील व ताओ यांनी १९९८ मध्ये त्यांतील सीमेवरची प्रकरणे सोडवली.

कणावर बल असेल, तर बद्ध अवस्था (ज्यांत बल कणाला जखडून ठेवते) आधी बाजूला काढाव्या लागतात, कारण त्या पसरतच नाहीत. उरलेल्या भागाबद्दल येन्सन व काटो यांचा १९७९ मधील निष्कर्ष पायाभूत आहे : बल अंतरानुसार पुरेसे झपाट्याने नाहीसे होत असेल, तर त्रिमितीत स्थानिक क्षयाचा घात सामान्यतः ३/२ च राहतो, पण शून्य ऊर्जेला अनुस्पंदन (जवळजवळ बद्ध अशी, पण पूर्ण बद्ध नसलेली अवस्था) असेल, तर तो १/२ पर्यंत उतरतो. उशिरापर्यंत मागे रेंगाळतात ते मंद घटक, आणि म्हणून शून्य ऊर्जेजवळचे वर्तनच शेवटचा घात ठरवते. एका मितीत याचा परिणाम अनपेक्षित दिसतो. तेथे मुक्त कणालाच शून्य ऊर्जेचे अनुस्पंदन असते (सर्वत्र एकच मूल्य असलेले फलन ही अमर्याद न वाढणारी उकल असते). बलाने ते मोडले की स्थानिक क्षय १/२ वरून ३/२ घातावर जातो, म्हणजे मुक्त कणापेक्षाही जलद होतो.

अस्थिर अणुकेंद्राच्या क्षयातही शेवटी हाच मुद्दा येतो. आल्फा क्षयाचे स्पष्टीकरण गॅमो यांनी, तसेच स्वतंत्रपणे गर्नी व काँडन यांनी, १९२८ मध्ये बोगदा परिणामाने (ऊर्जा कमी असूनही कण अडथळ्यापलीकडे जाण्याने) दिले आणि घातीय नियम (समान काळात समान प्रमाणात घट) मिळवला. परंतु फॉक व क्रिलॉव्ह (१९४७) यांच्या मांडणीनुसार अवस्था टिकून राहण्याचा आयाम हे ऊर्जा-वितरणाचे फूर्ये रूपांतर (निरनिराळ्या ऊर्जांच्या आंदोलनांची काळानुसार बेरीज) असते. ऊर्जेला खालची मर्यादा असल्याने अतिदीर्घ काळी घातीय क्षय चालू राहूच शकत नाही, हे खाल्फिन यांनी १९५७ मध्ये सिद्ध केले. तेव्हा सामान्यतः काळाच्या एखाद्या ठरावीक घाताच्या व्यस्त प्रमाणातील, मंद नियम लागू होतो. अगदी आरंभीही घट घातीय नसते. ती काळाच्या वर्गाप्रमाणे असते, व त्यावरूनच वारंवार निरीक्षणाने क्षय रोखण्याची मिश्र–सुदर्शन (१९७७) यांची कल्पना निघाली. आरंभीचे विचलन १९९७ मध्ये थंड केलेल्या सोडियम अणूंवर दिसले. अखेरचे विचलन पकडणे फार अवघड, कारण तोवर मूळ अवस्थेचा अत्यल्प अंश उरतो. २००६ मध्ये विरघळवलेल्या सेंद्रिय पदार्थांच्या दीप्तीत ते आढळल्याचे प्रसिद्ध झाले.

अव्यवस्थित माध्यमात तरंग अडकून राहू शकतो व क्षय थांबतो (अँडरसन, १९५८). वक्र अवकाशकाळात, फिरत्या व विद्युत् भारित कृष्णविवराभोवती, वस्तुमान असलेल्या डिरॅक कणांसाठी फिन्स्टर, कामरान, स्मोलर व याऊ यांनी २००२ मध्ये ५/६ हा घात काढला. सपाट अवकाशातील ३/२ पेक्षा तो बराच मंद आहे.