पीथमपूरचं मालगाडी यार्ड: ही गोष्ट कुठून सुरू होते

इंदूरजवळच्या पीथमपूर या औद्योगिक गावाशेजारी जामोदीला २५५ एकरांवर मल्टीमोडल लॉजिस्टिक पार्क, म्हणजे ट्रक आणि रेल्वे यांच्यात माल चढवण्या-उतरवण्याचं यार्ड, होतंय, खर्च साधारण १,११० कोटी, आणि ते इंदूर-दाहोद लाईनला जोडायचंय म्हणजे कंटेनर थेट गाडीने येणार-जाणार. आमच्याकडे इंदूरात याबद्दल बोलणं निघालं की एकजण नोकऱ्या म्हणतो, दुसरा प्रदूषण म्हणतो आणि तिथेच विषय संपतो. पण हे नीट कळायला थोडं मागे जावं लागेल.

या भागात रेल्वे आणली होळकरांनी. तुकोजीराव दुसरे यांनी १८७० च्या आसपास इंग्रज सरकारला १ कोटी रुपये कर्ज दिलं, १०१ वर्षांसाठी, साडेचार टक्क्यांनी. खंडवा-सनावद १८७४ ला सुरू झालं, मोरटक्क्याचा नर्मदेवरचा पूल १८७६ ला, आणि १८७८ पर्यंत गाडी इंदूरला पोचली. मीटरगेज होती ती. कालाकुंड ते पातालपाणी चढ इतका की ४० फूट पुढे गेलं की १ फूट वर, म्हणून मागून दुसरं इंजिन लावायचे. माझी आजी रामबागेतून खंडव्याला माहेरी जायची ती याच गाडीने, कालाकुंडला पळसाच्या पानात कलाकंद मिळायचा तो आम्हाला आणायची, आणि सांगायची की घाटात गाडी इतकी हळू चालते की झाडाची पानं मोजता येतात.

त्या काळी झाडांचा हिशोब फारसा कुणी ठेवत नव्हतं. रूळांखाली लाकडी स्लीपर लागायचे, बऱ्याच ठिकाणी इंजिनात सरपणही लाकडाचंच जायचं. देशभरातली जंगलं रेल्वेपायी इतकी झपाट्याने तुटायला लागली की सरकारला १८६४ मध्ये वनखातं काढावं लागलं, आणि तेसुद्धा बरंचसं पुढेही लाकूड मिळत राहावं म्हणून.

प्रश्न विचारायचा कायदा फार उशिरा आला. १९८० चा वन कायदा, मग भोपाळची गॅस दुर्घटना झाली १९८४ च्या डिसेंबरात आणि त्यानंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा. त्याच्याच खाली १९९४ मध्ये आणि पुन्हा २००६ मध्ये पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाची अधिसूचना निघाली, कुठल्या प्रकल्पाला आधी मंजुरी घ्यावी लागेल याची यादी त्यात आहे. खाणी आहेत, बंदरं आहेत, विमानतळ आहेत, हायवे आहेत, पण रेल्वेलाईन त्या यादीत नाही. जंगलाची जमीन लागली तर वनमंजुरी घ्यावी लागते, बांधकाम २०,००० चौरस मीटरच्या वर गेलं तर बांधकामाचं कलम लागू शकतं, पण लाईन म्हणून, साईडिंग (माल उतरवायला काढलेला रुळांचा फाटा) म्हणून जनसुनावणी होत नाही. मला हे खरंच चुकीचं वाटतं, कारण गाव सगळ्यात जास्त बदलतं ते यार्डाने.

पीथमपूरचे लोक अशा बाबतीत लगेच विश्वास ठेवत नाहीत त्यालाही कारण आहे. १९८० च्या दशकात तिथे कारखाने आले, गाड्यांचे, औषधांचे, कशाकशाचे. आणि २०२५ च्या जानेवारीत भोपाळच्या युनियन कार्बाईडचा ३३७ टन कचरा १२ कंटेनरांत भरून रातोरात तिथेच आणला जाळायला. लोक रस्त्यावर उतरले, शेवटी कोर्टाच्या देखरेखीत जाळला गेला. ज्या दुर्घटनेमुळे कायदा झाला तिचाच कचरा चाळीस वर्षांनी दारात, तर "काळजी करू नका" एवढं सांगून कोण ऐकेल?

रेल्वेची बाजूही खरी आहे. इंदूर-मनमाड लाईनला सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी, आमच्या मराठी घरांत तर पेढेच वाटायचे बाकी होते, नाशिक-मुंबई जवळ येणार म्हणून. त्यात सरकारने हिशोब दिलाय की १३८ कोटी किलो कार्बन डायऑक्साईड कमी होईल, म्हणजे साडेपाच कोटी झाडं लावल्यासारखं. ट्रकपेक्षा गाडी टनामागे कमी इंधन खाते हे बरोबरच आहे. पण हा हिशोब अख्ख्या लाईनचा झाला, धूळ पडते ती यार्डाशेजारच्या घरावर.

मी एका मालधक्क्यावर रात्री अकरा वाजता उभा राहिलोय. सिमेंटचा रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, लागला होता, हमाल तोंडाला गमछा बांधून पोती उतरवत होते, फाटक्या पोत्यांतून भुकटी उडत होती आणि बाहेर ट्रकांची रांग, सगळे इंजिन चालू ठेवून. रात्रीच का, तर वॅगन ठरलेल्या तासांत रिकामी नाही झाली तर डेमरेज, म्हणजे उशिराचा दंड, लागतं, त्यामुळे रेक आला की वेळ कुठलीही असो, काम सुरू. ध्वनीच्या नियमात वस्तीला रात्री ४५ डेसिबल आहेत, तिथे शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत होतं. बंद कंटेनर असतील तर धूळ खूप कमी होते, म्हणून उद्या तिथे सिमेंट, खत, कोळसा उघडा उतरवणार का हे आधीच लिहून घ्यायला हवं. शेड, पाण्याचा फवारा, धक्क्याला पक्की फरशी, ट्रकांना आत पार्किंग म्हणजे रस्त्यावर रांग नको, वस्तीच्या बाजूला आवाज अडवणारी भिंत, हे सगळं करता येतं आणि सुरुवातीलाच केलं तर फार महागही पडत नाही.

मला जास्त काळजी पाण्याची आहे. जानापावचा डोंगर तिथून जवळ, चंबळ तिथेच उगम पावते आणि गंभीरसुद्धा, जी पुढे यशवंतसागरला येते आणि ते पाणी इंदूरचा काही भाग पितो. जानापावातून साडेसात नद्या निघतात असं लोक सांगतात. म्हणजे हा सगळा माथा आहे, इथे जे सांडेल ते खाली जाणार. माळव्याची काळी माती ओली झाली की फुगते आणि सुकली की तडकते, त्यामुळे रूळांखाली ती चालत नाही, मुरूम आणून भराव करावा लागतो, आणि भराव घातला की पावसाचं पाणी अडतं, ओढ्याची वाट बदलते. जुन्या ओढ्याच्या जागी पुरेशा मोऱ्या नाही ठेवल्या तर एकीकडे शेत बुडतं आणि दुसरीकडची विहीर आटते. यार्डाचं पाणी सरळ नाल्यात न सोडता आधी तेल वेगळं करणाऱ्या टाकीतून काढायला हवं, आणि मुरूम ज्या खाणीतून उचलला ती मोकळी सोडून द्यायची नाही.

पहिला रेक यायच्या आधी जामोदी, सागोरच्या विहिरींची पातळी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर मोजून, पाण्याचा नमुना तपासून ते आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायला हवेत. नंतर विहीर बिघडली तर आधी कशी होती हे दाखवायला गावाकडे तेवढाच कागद असेल.