ओळख, कार्ड आणि पदवी : महाराष्ट्रातील तरुणांच्या नोकरीची पार्श्वभूमी

मुंबईत पहिली कापड गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून कित्येक दशके रत्नागिरी किंवा साताऱ्याहून आलेल्या तरुणाला कामावर घेणे व्यवहारात मालकापेक्षा खात्यातल्या जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हाती होते. जॉबर गावचा, नात्यातला किंवा जातीतला माणूस पाहून घेई. त्यामुळे ज्याचा चुलता आधीच गिरणीत होता आणि गाववाल्यांच्या खोलीत ज्याला पथारी टाकायला जागा होती, त्याचे निम्मे काम मुंबईत पाऊल ठेवण्यापूर्वीच झालेले असे. तरीही आरंभी मिळे ती बदलीचीच जागा, म्हणजे सकाळी गिरणीच्या दारात उभे राहायचे आणि कोणी गैरहजर असेल तरच आत जायचे. विणकाम खात्यात धागा तोंडाने ओढून धोट्यात घ्यावा लागे, एवढ्या कारणावरून अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना तिथे प्रवेश नव्हता, आणि मजुरी नेमकी तिथेच अधिक होती. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. हाताच्या कसबाचा यात कुठेच संबंध नव्हता.

ओळखीची ही सद्दी मोडण्यासाठी स्वातंत्र्यानंतर सेवायोजन कार्यालयांवर, म्हणजे बेरोजगारांची नोंदणी करून रिक्त जागांसाठी त्यांची नावे पाठवणाऱ्या सरकारी कार्यालयांवर, भिस्त ठेवण्यात आली. १९५९ च्या कायद्याने रिक्त जागा कळवणे सक्तीचे केले. मात्र त्या जागा कार्यालयाच्या यादीतूनच भरण्याची सक्ती त्यात नव्हती, आणि नोंदणीच्या कार्डाचे नूतनीकरण वेळेवर करणाऱ्या कितीतरी घरांना हा फरक फार उशिरा उमगला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यादीबरोबरच जाहिरात देऊन इतर उमेदवारांचाही विचार व्हावा असे सांगितले, तेव्हा रांगेत घालवलेल्या वर्षांचे मोल आणखी घटले.

दरम्यान दोन घटना वर्षभराच्या अंतराने घडल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले; त्यानंतर अनेक गिरण्या सावरल्याच नाहीत आणि बापामागून मुलगा खात्यात लागण्याची वाट बंद झाली. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. ग्रामीण भागात तांत्रिक शिक्षण पोहोचले हे खरेच, पण शुल्क भरण्याची ऐपत ही आता नोकरीची पहिली पायरी झाली. औद्योगिक विकास महामंडळ १९६२ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत वसाहती उभारत असले, तरी मोठे कारखाने प्रामुख्याने मुंबई, ठाणे, पुणे या पट्ट्यातच एकवटले; साहजिकच मराठवाड्यातल्या पदवीधराच्या खर्चात शहरातली खोली आणि खानावळही आली.

पदवीधर वाढले तशी मालकांची मागणी अनुभवाकडे वळली, आणि पहिली नोकरी नसेल तर अनुभव आणायचा कुठून, हा पेच उरला. २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना याच पेचावर बेतलेली होती. तिच्यात बारावी उत्तीर्णांना ६ हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८ हजार आणि पदवीधरांना १० हजार रुपये मासिक विद्यावेतन ठरले. मुदत आरंभी ६ महिन्यांची होती, आणि त्यानंतर प्रशिक्षणार्थीला कायम करून घेण्याचे बंधन आस्थापनेवर नव्हते.